बहुमजली कार्यालयीन इमारतीचे बाह्यावरण आणि शाश्वततेचा सल्ला : वऱ्हाडच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : बाह्यावरण, काचेची पडदाभिंत, सूर्यरोधक, ऊर्जासंहिता, हरित मानांकन, वऱ्हाडचे हवामान

प्रस्तावना

मे २०२० मध्ये अकोल्याच्या तापमानाने ४७ अंश सेल्सिअसची मर्यादा ओलांडली. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्हा प्रशासनाला फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू करावे लागले. शिकवणी वर्गांच्या वेळांवर बंधने आली आणि कामगारांसाठी पाणी व सावलीची सोय करण्याची जबाबदारी आस्थापनांवर टाकण्यात आली. एरवी जमावबंदीसाठी वापरले जाणारे कलम उन्हासाठी वापरावे लागणे ही घटना वऱ्हाडातील बांधकामाच्या विचाराला बाजूला ठेवता येणार नाही अशी आहे. याच काळात वऱ्हाडातील शहरांत बँका, इस्पितळे, व्यापारी संकुले यांच्या दर्शनी भागांवर काच आणि अॅल्युमिनियमचे पत्रे चढू लागले आहेत. अकोल्यात मुंबईसारखे गगनचुंबी कार्यालयीन मनोरे नाहीत. परंतु त्या मनोऱ्यांचा पोशाख मात्र येथे मनोऱ्यांच्या आधी येऊन पोहोचला आहे.

इमारतीच्या शाश्वततेविषयी सल्ला देणे हा गेल्या दोन-अडीच दशकांत एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून विकसित झाला. ऊर्जासंहिता, हरित मानांकन, संगणकीय प्रतिरूपण ही त्याची साधने होत. या व्यवसायाने बहुमजली कार्यालयीन इमारतींमध्ये नेमके काय साधले आणि काय निसटू दिले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. मनोऱ्याची शाश्वतता मुख्यतः त्याच्या बाह्यावरणात ठरते. बाह्यावरणाचा निर्णय झाल्यानंतर येणारा सल्ला हा निर्णयाचे समर्थन करण्यापलीकडे फारसा जाऊ शकत नाही. म्हणून सल्ल्याचे मूल्य तो कोणत्या टप्प्यावर दिला गेला आणि इमारत वापरात आल्यानंतर वीजदेयकात तो दिसला की नाही, या दोन कसोट्यांवर ठरवले पाहिजे, असे येथील प्रतिपादन आहे.

बाह्यावरण : संकल्पना आणि गणित

इमारतीच्या आतील हवा आणि बाहेरील हवामान यांच्यामधील सर्व घटकांचा समुच्चय म्हणजे बाह्यावरण होय. भिंती, खिडक्या, काच, छत, छज्जे आणि या सर्वांचे सांधे त्यात येतात. एक-दोन मजली घरात उष्णतेचा मोठा वाटा छतातून येतो. मनोऱ्यात छताचे क्षेत्रफळ एकूण पृष्ठभागाच्या मानाने अल्प असते आणि उभ्या बाजूंचे क्षेत्रफळ प्रचंड असते. त्यामुळे घरासाठी योग्य असलेला ‘गच्चीवर पांढरा रंग द्या’ हा सल्ला मनोऱ्याला अपुरा पडतो. तेथे प्रश्न उभ्या पृष्ठभागाचा, म्हणजेच भिंत आणि काच यांच्या प्रमाणाचा असतो.

बाह्यावरणातून उष्णता दोन प्रमुख मार्गांनी आत येते. पहिला मार्ग वहनाचा. आतील व बाहेरील तापमानांत जितका फरक, त्या प्रमाणात उष्णता आत झिरपते. हा गुणधर्म यू-मूल्याने मोजतात. दुसरा मार्ग सूर्यकिरणांचा. काचेवर पडलेल्या सौरऊर्जेचा जो अंश आत पोहोचतो त्यास सौरउष्णता-ग्रहण गुणांक म्हणता येईल. साध्या पारदर्शक एकेरी काचेचे यू-मूल्य सुमारे ५.८ आणि हा गुणांक सुमारे ०.८२ असतो. ९ इंची विटांच्या भिंतीचे यू-मूल्य सुमारे २ असते आणि तिच्यातून ऊन थेट आत येत नाही.

हे आकडे अकोल्याच्या उन्हाळ्याला लावून पाहिले म्हणजे विषयाचे गांभीर्य लक्षात येते. बाहेर ४४ अंश, आत २६ अंश आणि पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन, असे गृहीत धरू. साध्या काचेच्या १ चौरस मीटरमधून उन्हाद्वारे ४९२ वॅट आणि वहनाद्वारे १०४ वॅट, म्हणजे एकूण ५९६ वॅट उष्णता आत येते. त्याच जागी विटांची भिंत असल्यास वहनाचा आकडा ३६ वॅट इतकाच राहतो. भिंतीचा पृष्ठभाग उन्हाने तापतो हे खरे; त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा वाढतो. तथापि भिंतीचे वस्तुमान ती उष्णता काही तास अडवून धरते आणि कार्यालय सुटण्याच्या सुमारास आत पोहोचवते. स्थूल हिशेबासाठी ही तुलना पुरेशी आहे.

आता मनोऱ्याची पश्चिमेची बाजू १,००० चौरस मीटर आहे असे मानू. ती संपूर्ण साध्या काचेची असल्यास केवळ त्या बाजूसाठी सुमारे १६९ टन क्षमतेचे वातानुकूलन लागेल. तीच काच ०.२७ गुणांकाची व ३.० यू-मूल्याची घेतल्यास ही गरज सुमारे ६१ टनांवर येते. काचेचे प्रमाण ४० टक्क्यांवर आणून उरलेल्या ६० टक्के भागात ०.४० यू-मूल्याची उष्णतारोधक भिंत बांधल्यास ती सुमारे २६ टन होते. काचेच्या बाहेर उभे सूर्यरोधक लावून तिच्यावरील दोन तृतीयांश ऊन अडवल्यास ती सुमारे साडेतेरा टनांपर्यंत उतरते.

१६९, ६१, २६ आणि साडेतेरा या चार आकड्यांत सल्लागाराच्या भूमिकेचा सारा प्रश्न सामावला आहे. आराखडा पूर्ण झाल्यावर बोलावलेल्या सल्लागाराच्या हाती केवळ काचेची निवड उरते. त्याची धाव ६१ टनांपर्यंत. खिडकी-भिंत प्रमाणाविषयी ज्याचे मत विचारले जाते तो २६ पर्यंत जाऊ शकतो. दर्शनी भागाची रचनाच ज्याच्याशी चर्चा करून ठरते त्यालाच साडेतेराचा विचार करता येतो. आणि इमारतीची लांब बाजू पश्चिमेकडे असावी की दक्षिणोत्तर, हे ठरवताना जो उपस्थित असतो तो या १,००० चौरस मीटरचेच क्षेत्रफळ कमी करू शकतो. सल्लागाराची विद्वत्ता चारही ठिकाणी सारखीच असू शकेल. त्याचा अधिकार मात्र सारखा नसतो.

काचेच्या मनोऱ्याची परंपरा आणि तिचे अनुभव

काचेची पडदाभिंत ही आधुनिक वास्तुकलेची विसाव्या शतकातील देणगी होय. तिच्या मर्यादा तिच्या पुरस्कर्त्यांनाच सर्वप्रथम अनुभवाव्या लागल्या, हे लक्षणीय आहे. ल कॉर्ब्युझिए यांनी पॅरिसमध्ये निराधारांसाठी बांधलेल्या निवाऱ्याचे १९३३ मध्ये उद्घाटन झाले. त्याची दक्षिणेची भिंत बंदिस्त काचेची होती. अपेक्षित शीतकरण यंत्रणा बसवली गेली नाही आणि उन्हाळ्यात आतील खोल्या असह्य तापू लागल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भिंतीवर सूर्यरोधक बसवावे लागले. या अनुभवानंतर याच वास्तुविशारदाने न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्र सचिवालयाच्या मनोऱ्याला सूर्यरोधक हवेत असा आग्रह धरला. तो मानला गेला नाही. त्या मनोऱ्याची मूळ काचभिंत सुमारे सहा दशकांनी पूर्णपणे बदलण्यात आली.

भारतीय भूमीवर त्यांनी हा धडा कसा गिरवला, याचे उदाहरण अहमदाबादच्या गिरणीमालक संघटनेची १९५४ सालची कार्यालयीन इमारत होय. तिच्या पूर्व व पश्चिम बाजूंना खोल काँक्रीटचे सूर्यरोधक आहेत. रस्त्याकडील पश्चिमेच्या बाजूचे सूर्यरोधक तिरके केलेले आहेत, जेणेकरून सायंकाळचे खाली उतरलेले ऊन अडते आणि वारा व दृष्टी अडत नाहीत. येथे दर्शनी भागाचे सौंदर्य सावलीतूनच निर्माण झाले आहे. बाह्यावरणाचा विचार आणि वास्तुकलेचा विचार यांत फारकत नसली म्हणजे काय घडते, हे ही इमारत दाखवते.

सूर्यरोधक हे अलंकरण समजून खर्चकपातीत वगळल्यास त्याची किंमत अन्यत्र मोजावी लागते. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीट येथील मनोऱ्याच्या अंतर्वक्र काचेने २०१३ मध्ये ऊन रस्त्यावर एकवटले आणि तेथे उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळले. मूळ आराखड्यातील आडवे सूर्यरोधक खर्चासाठी वगळले गेल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. २०१४ मध्ये ते नव्याने बसवावे लागले. थंड देशातील हे उदाहरण उष्ण देशातील वाचकाला एक गोष्ट स्पष्ट करते. परावर्तक काचेने परतवलेले ऊन नाहीसे होत नाही. ते समोरच्या इमारतीवर, रस्त्यावर आणि पादचाऱ्यावर पडते.

महाराष्ट्रातील उदाहरणे

मुंबईच्या नरिमन पॉइंट येथील २३ मजली एअर इंडिया इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्गी या वास्तुसंस्थेने तिचा आराखडा केला होता. महाराष्ट्र शासनाच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ही इमारत १,६०१ कोटी रुपयांना घेण्यास मान्यता दिली आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने या व्यवहारास संमती दिली. या व्यवहाराची चर्चा प्रामुख्याने जागा, किंमत आणि मंत्रालयाच्या विखुरलेल्या कार्यालयांची सोय या अंगांनी झाली. अर्धशतक जुन्या, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या मनोऱ्याचे बाह्यावरण कोणत्या अवस्थेत आहे, ते सुधारल्यास वातानुकूलनाचा भार किती घटेल, हा प्रश्न त्या सार्वजनिक चर्चेत जवळजवळ अनुपस्थित होता. जुनी इमारत वापरात ठेवणे हीच मुळात शाश्वततेची मोठी कृती आहे, कारण नव्या काँक्रीट व पोलादासाठी लागणारी ऊर्जा वाचते. परंतु ती कृती पूर्ण होण्यासाठी खरेदीनंतर बाह्यावरणाचे परीक्षण व्हावयास हवे. शासन स्वतः मालक, वापरकर्ता आणि नियमकर्ता अशा तिन्ही भूमिकांत असते तेव्हा तर ते अधिकच अगत्याचे ठरते.

चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा ही मुंबईतील २८ मजली इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. ती निवासी आहे. तथापि बाह्यावरणाच्या दृष्टीने तिचा विचार येथे अटळ ठरतो. मुंबईत समुद्राचे दृश्य आणि वारा पश्चिमेकडून येतात. दुपारनंतरचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी हा पेच भोवतालच्या व्हरांड्याने सोडवला होता. कोरिया यांनी तोच व्हरांडा दुमजली उंचीच्या कोपऱ्यातील गच्च्यांच्या रूपाने मनोऱ्यात वर चढवला. घराचा राहता भाग बाह्य पृष्ठभागापासून आत सरकला आणि मधल्या जागेने ऊन-पाऊस झेलले. पारंपरिक ओसरीचे तत्त्व उंच इमारतीत नेता येते, याचा हा पुरावा आहे. दुर्दैवाने कार्यालयीन मनोऱ्यांनी हा धडा क्वचितच घेतला. विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या हिशेबात खोल सावली ही वाया गेलेली जागा ठरते.

पुण्यातील हडपसर येथील सुझलॉनचे वन अर्थ हे मुख्यालय २००९ मध्ये उभे राहिले. ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आराखडलेल्या या संकुलात दर्शनी भागावर अॅल्युमिनियमचे सूर्यरोधक पाते आहेत आणि इमारतींची उंची मर्यादित आहे. या संकुलास लीड व गृह या दोन्ही पद्धतींत सर्वोच्च मानांकन मिळाले. काचेचा वापर आणि सावली एकत्र नांदू शकतात हे त्यातून दिसते. मात्र उंची मर्यादित ठेवण्याची मुभा प्रत्येक मालकाला नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. महागड्या भूखंडावरील मनोऱ्याला हे उदाहरण जसेच्या तसे लागू होत नाही. सावलीचे तत्त्व तेवढे लागू होते.

संहिता, मानांकन आणि चटईक्षेत्र

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला आणि मे २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता प्रसिद्ध झाली. २००७ च्या संहितेत विहित पद्धतीनुसार खिडकी-भिंत प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत ग्राह्य होते. २०१७ च्या सुधारित संहितेने ते ४० टक्क्यांवर आणले. उष्ण-कोरड्या, उष्ण-दमट व संमिश्र हवामानात उत्तरेखेरीज अन्य दिशांच्या काचेसाठी ०.२७ ही गुणांकाची कमाल मर्यादा घातली आणि काचेतून पुरेसा उजेड यावा म्हणून प्रकाशपारगमनाची किमान मर्यादाही घातली. ही दुसरी अट महत्त्वाची आहे. उष्णता अडवण्यासाठी काळसर काच लावली आणि भर दुपारी दिवे लावावे लागले, तर एका खिशातले वाचवून दुसऱ्या खिशातून खर्च केल्यासारखे होते. २०२२ च्या दुरुस्तीने संहितेच्या कक्षेत ऊर्जेसोबत शाश्वततेचाही समावेश केला. संहितेची ही वाटचाल योग्य दिशेने झाली, हे मान्य करावयास हवे.

तथापि संहितेत एक पळवाट तिच्या स्वरूपातच आहे. विहित मर्यादा न पाळताही संपूर्ण इमारतीचे संगणकीय प्रतिरूपण करून, प्रमाणभूत इमारतीपेक्षा आपली इमारत कमी ऊर्जा वापरते असे दाखवता येते. तंत्रदृष्ट्या ही पद्धत रास्त आहे. कल्पक आराखड्याला ती वाव देते. व्यवहारात मात्र तिचा उपयोग काचेचे प्रमाण वाढवून ती तूट कार्यक्षम यंत्रांनी भरून काढण्यासाठी होऊ शकतो. यंत्राचे आयुष्य १५-२० वर्षांचे, बाह्यावरणाचे ५०-६० वर्षांचे. अल्पायुषी वस्तूच्या बळावर दीर्घायुषी दोषाला मान्यता देणे हा या अदलाबदलीतील खरा धोका होय.

हरित मानांकनाबाबत हीच अडचण अधिक ठळकपणे दिसते. मानांकन पद्धतीत पाणी, जमीन, साहित्य, ऊर्जा अशा अनेक शीर्षांखाली गुण मिळतात आणि एकातील उणीव दुसऱ्यातील गुणांनी भरून निघते. शिवाय बहुतेक मानांकन आराखड्यावर व अंदाजित वापरावर आधारलेले असते. अमेरिकेतील न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये १२१ लीड-मानांकित इमारतींचा प्रत्यक्ष ऊर्जावापर तपासला. सरासरीने त्या इमारती चांगल्या ठरल्या. परंतु एकेका इमारतीचा अंदाज आणि प्रत्यक्ष वापर यांत मोठी तफावत आढळली. म्हणजे मानांकन समूहाविषयी काही सांगते, विशिष्ट इमारतीविषयी हमी देत नाही.

महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने हरित मानांकनास चटईक्षेत्राची जोड दिली. मानांकनाच्या श्रेणीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के अतिरिक्त चटईक्षेत्र मिळते आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी कबूल केलेली श्रेणी गाठली नसल्यास दंडाची तरतूद आहे. ही नियमावली वऱ्हाडातील शहरांनाही लागू आहे, म्हणून तिचा विचार येथे विशेष प्रस्तुत ठरतो. प्रोत्साहनाचा हेतू स्तुत्य आहे. परंतु भोगवटा प्रमाणपत्राच्या क्षणी इमारतीने एकही उन्हाळा पाहिलेला नसतो. बक्षीस कायमचे आणि बांधकामात गोठलेले. परीक्षा मात्र पहिल्या वीजदेयकाच्या आधीच संपलेली, अशी ही व्यवस्था आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ पासून कार्यालयीन इमारतींसाठी प्रत्यक्ष वार्षिक वीजवापरावर आधारित तारांकन सुरू केले. चटईक्षेत्राचे प्रोत्साहन अशा प्रत्यक्ष मोजणीशी जोडले गेले असते, तर सल्लागाराचे लक्ष गुणपत्रिकेऐवजी इमारतीवर राहिले असते.

सल्लागाराची भूमिका

सल्ला योग्य क्रमाने दिला गेला म्हणजे काय घडते, याचे सर्वपरिचित उदाहरण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचे आहे. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या या १०२ मजली मनोऱ्याच्या ऊर्जासुधारणेचे काम २००९ मध्ये हाती घेण्यात आले. मालक, ऊर्जातज्ज्ञ, यंत्रतज्ज्ञ आणि व्यवस्थापक एकत्र बसले. इमारतीच्या ६,५१४ खिडक्यांची काच न फेकता इमारतीतच उभारलेल्या कार्यशाळेत तिच्यात मधला पारदर्शक पडदा व वायू भरून तिची उष्णतारोधकता वाढवण्यात आली. खिडक्यांमुळे शीतकरणाचा भार घटला. भार घटल्यामुळे जुनी शीतयंत्रे काढून मोठी नवी बसवण्याऐवजी आहेत तीच सुधारून वापरता आली. त्या वाचलेल्या रकमेने बाह्यावरणाचा खर्च पेलला. एकूण ऊर्जावापरात ३८ टक्के घट हे उद्दिष्ट होते आणि पुढील वर्षांत प्रत्यक्ष बचत मोजून जाहीर करण्यात आली. आधी बाह्यावरण, मग यंत्र, शेवटी मोजणी हा क्रम येथे महत्त्वाचा आहे. खिडक्यांचा खर्च वेगळा आणि शीतयंत्रांचा खर्च वेगळा असा हिशेब केला असता, तर खिडक्या परवडत नाहीत असाच निष्कर्ष निघाला असता.

भारतीय व्यवहारात हे हिशेब बहुधा वेगळेच असतात. बांधणारा विकासक एक, भाडे देणारा दुसरा आणि वीजदेयक भरणारा तिसरा. बाह्यावरणावर खर्च करणाऱ्याला त्याचा लाभ मिळत नाही. ज्याला लाभ मिळेल त्याला निर्णयाचा अधिकार नसतो. सल्लागाराचे शुल्क विकासक देतो आणि त्याला हवे असते ते मानांकन. अशा स्थितीत सल्लागाराच्या प्रामाणिकपणाविषयी शंका न घेताही, त्याचा सल्ला कोठे थांबणार हे सांगता येते.

ज्ञानशाखांची विभागणी हा दुसरा दोष होय. ऊर्जेचा सल्लागार, अग्निसुरक्षेचा सल्लागार आणि दर्शनी भागाचा कंत्राटदार आपापल्या कागदांपुरते पाहतात. बाह्यावरण मात्र एकच असते. अंधेरी येथील लोटस बिझनेस पार्क या काचबंद इमारतीला १८ जुलै २०१४ रोजी लागलेल्या आगीत अग्निशमन दलाच्या एका जवानाचा मृत्यू झाला. काचेमुळे कोंडलेला धूर आणि आत शिरण्याची अडचण यांची तेव्हा मोठी चर्चा झाली. लंडनच्या ग्रेनफेल निवासी मनोऱ्याला उष्णतारोधनासाठी आणि दर्शनी रूपासाठी चढवलेल्या आवरणानेच १४ जून २०१७ च्या आगीत ज्वाला वर पसरवल्या आणि ७२ जणांचा बळी गेला. ऊर्जा वाचवणारे आवरण जीव घेणारे ठरू शकते, हा त्याचा अर्थ. वऱ्हाडातील दुकानांच्या दर्शनी भागावर सर्रास चढणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दुपदरी पत्र्यांच्या पोटात कोणते द्रव्य आहे, हा प्रश्न म्हणूनच शोभेचा नसून सुरक्षेचा आहे.

वऱ्हाडच्या संदर्भात

अकोला सुमारे २०.७ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येथे मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर असतो आणि मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे उत्तरेची काच निर्धोक हे उत्तरेकडील शहरांत बनलेले सूत्र येथे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तपासून घ्यावे लागते. दक्षिणेकडील दीड मीटर उंचीच्या खिडकीवर सुमारे ५७ सेंटिमीटरचा छज्जा विषुवदिनी मध्यान्ही पूर्ण सावली देतो. पश्चिमेला मात्र मे महिन्यात पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंशांवर असतो. तेथे तेवढीच सावली मिळवण्यास सुमारे ३ मीटरचा छज्जा लागेल. अर्थात पश्चिमेला छज्जा निरुपयोगी असून उभे पाते, जाळी किंवा सरळ भिंतच हवी. जिने, उद्वाहक, प्रसाधनगृहे यांसारख्या जागा पश्चिमेला नेऊन तेथे जाड भिंत घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय आणि तो केवळ आराखड्याच्या पहिल्या कागदावरच करता येतो.

वऱ्हाडच्या जुन्या बांधकामात हे शहाणपण होते. पांढऱ्या मातीच्या गढ्या, जाड भिंतींची धाब्याची घरे, लहान खिडक्या, ओसरी आणि चौक यांनी दिवसाची उष्णता अडवली आणि रात्रीचा गारवा साठवला. एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्या आणि पुढे कुलर यांनी पाण्याच्या बाष्पीभवनातून थंडावा दिला. या सर्व उपायांना उघडझाप करता येणारे बाह्यावरण लागते. बंदिस्त काच रात्रीचा वारा नाकारते आणि वर्षभर यंत्रावर विसंबते. अर्थात जुन्याचे गौरवीकरणही येथे उपयोगाचे नाही. धाब्याचे घर २० मजले चढवता येत नाही. कुलर पावसाळ्याच्या दमट हवेत निष्प्रभ होतो आणि काटेपूर्णा प्रकल्पावर अवलंबून असलेल्या अकोल्याला उन्हाळ्यात पाण्याचाही विचार करावा लागतो. घ्यावयाचे आहे ते तत्त्व : जड भिंत, मोजकी काच, बाहेरची सावली आणि उघडता येणारी खिडकी.

या प्रश्नाला सामाजिक न्यायाचेही अंग आहे. बाळापूर तालुक्यातील पारस येथे ५०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. मुंबई-पुण्यातील मनोऱ्यांची प्रत्येक युनिट वीज पारसहून जाते असे म्हणणे अयोग्य होईल. परंतु राज्याचे वीजजाळे परस्परांशी जोडलेले आहे आणि दुपारच्या वाढत्या मागणीची पूर्तता करण्यात विदर्भातील कोळशावरील केंद्रांचा वाटा मोठा आहे. एका ठिकाणी काचेची हौस होते, तिची राख दुसऱ्या ठिकाणी पडते. वातानुकूलन यंत्रे आतली उष्णता बाहेर फेकतात आणि ती फाटकावरचा पहारेकरी, फेरीवाला आणि ऑटोरिक्षाचालक यांच्या वाट्याला येते. इमारतीचे बाह्यावरण ही मालकाची खाजगी बाब राहत नाही ती या कारणाने. तिचा एक चेहरा आत असतो आणि दुसरा सार्वजनिक रस्त्यावर.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, बहुमजली कार्यालयीन इमारतीत बाह्यावरणाचे निर्णय यंत्रांच्या निर्णयांपेक्षा अधिक परिणामकारक व दीर्घायुषी असतात; त्यामुळे शाश्वततेचा सल्लागार वास्तुविशारदासोबत आराखड्याच्या प्रारंभीच नेमला गेला पाहिजे. दुसरा, मानांकनावर आधारलेले चटईक्षेत्राचे प्रोत्साहन निदान दोन-तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वीजवापराशी जोडले जावे. तिसरा, ऊर्जा आणि अग्निसुरक्षा यांचा विचार एकाच बाह्यावरणाच्या दोन बाजू म्हणून एकत्र व्हावा. चौथा, शासनाने घेतलेल्या जुन्या मनोऱ्यांच्या बाह्यावरणाचे परीक्षण करून त्याचे आकडे जाहीर करावेत, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या इमारतींना अनुकरणासाठी खात्रीचा नमुना मिळेल.

वऱ्हाडसाठी हा विषय उद्याचा असला तरी त्याचे निर्णय आज होत आहेत. येथील नगरपालिका, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि वास्तुविशारद यांच्यापुढे अजून मोकळी पाटी आहे. मुंबईने जे बांधून मग दुरुस्त करावयास घेतले, ते येथे बांधण्यापूर्वीच टाळता येण्यासारखे आहे. अकोल्यातील पहिला कार्यालयीन मनोरा जेव्हा उभा राहील, तेव्हा त्याच्या पश्चिमेच्या भिंतीकडे पाहूनच त्यामागच्या सल्ल्याची प्रत ओळखता येईल.